बाजेचे चार कोपरे

शास्त्रपाठ : मार्क २:१-१२, लूक १०:२५-३७



कफर्णहूम गावातील त्या घराची गोष्ट आपण लहानपणापासून शब्बाथशाळेत ऐकत आलो आहोत. प्रभु घरात आहे, दारापुढे माणसांची दाटी झाली आहे, मुंगीलाही वाट नाही; आणि अशा वेळी चौघेजण एका पक्षघाती मनुष्यास बाजेवर घालून घेऊन येतात. मत्तय व लूक हेही ही गोष्ट सांगतात, पण वाहणारे चौघे होते हे एकटा मार्कच लिहितो. दारातून शिरता येत नाही असे पाहून ते चौघे छपरावर चढतात, छप्पर उकरतात आणि बाज खाली सोडतात.

नगर-सोलापूरकडील ज्या बंधूंची घरे माळवदाची आहेत त्यांस हे दृश्य समजावून सांगण्याची गरज नाही. तुळयांवर काटक्या अंथराव्या, त्यांवर मातीचा थर द्यावा, बाहेरून पायऱ्यांनी वर जावे, अशीच कफर्णहूमची घरे होती. असे छप्पर उकरले म्हणजे खाली बसलेल्यांच्या अंगावर माती पडते, धुरळा उडतो, घरधन्याचा संताप होतो. तरी प्रभु रागावला नाही. त्याने वर पाहिले, आणि त्या चौघांचा विश्वास त्याच्या दृष्टीस पडला. मार्काने वापरलेला शब्द अनेकवचनी आहे, हे ध्यानात ठेवा. खाटेवरच्या एकट्याचाच विश्वास प्रभूने पाहिला असे नाही, वाहणाऱ्यांचाही पाहिला.

आज आपणांस विचार करावयाचा आहे तो ह्या वाहण्याविषयी. रोगी आहे, वैद्यही आहे. पण मध्ये दाटी आहे. ती दाटी आज कशाची असते? बहुधा पैशाची असते. हे आपल्या गरीब मुलुखातच घडते असे कोणी समजू नये. ज्या अमेरिका देशाला लोक सोन्याची खाण समजतात, त्या देशातील एक उदाहरण मी आज आपणांपुढे ठेवितो.

त्या देशात औषधोपचार अतिशय महाग आहे, म्हणून लोक आरोग्याचा विमा उतरवितात. आपल्याकडे भिशीत जसे सर्वांनी थोडे थोडे घालावे आणि नड पडेल त्याने उचलावे, तसाच काहीसा हा व्यवहार आहे. परंतु तेथे कामकरी वयाच्या बहुतेकांस हा विमा मालकाच्या मार्फत मिळतो. मोठ्या कारखान्यात वा कचेरीत नोकरी असेल तर विमा आहे. लहान खाणावळीत भांडी घासणारा, दुसऱ्याच्या बागेत गवत कापणारा, हंगामापुरता मजुरीस लागणारा, ह्यांस तो पुष्कळदा मिळत नाही. १९६५ साली तेथील सरकारने वृद्धांसाठी मेडिकेअर आणि अत्यंत गरिबांसाठी मेडिकेड अशा दोन योजना केल्या. तरी मधला मनुष्य राहिलाच. तो म्हातारा नाही, अगदी भिकारीही नाही. कष्ट करून खातो, पण विम्याचा हप्ता त्यास झेपत नाही. २०१० साली नवा कायदा होऊन पुष्कळांस विमा मिळाला. पण २०१२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेडची वाढ राज्यांवर लादता येणार नाही असे ठरविले, आणि काही राज्यांनी ती स्वीकारली नाही. साउथ कॅरोलायना त्यांपैकी एक. २०१० च्या सुमारास त्या देशात साडेचार कोटींहून अधिक लोक विम्यावाचून होते. २०२३ साली ती संख्या सुमारे २ कोटी ६० लाखांवर आली. इतके सुधारूनही मुंबईसारखे एक शहर भरून जाईल इतकी माणसे दाराबाहेर आहेत!

कोणी म्हणेल, मरणाच्या दारी असलेल्यास तरी इस्पितळ परत पाठवीत नसेल? खरे आहे. १९८६ च्या कायद्याप्रमाणे प्राणसंकटात आलेल्या रोग्यास तपासून त्याचा जीव सावरणे तेथील इस्पितळांस भाग आहे. पण मागाहून बिल येते. आणि मधुमेह व रक्तदाब ह्यांसारखी दुखणी गाजावाजा करीत नाहीत. उधईसारखी ती आतून पोखरतात. ज्यास रोजची एक गोळी पाहिजे त्यास तो कायदा गोळी देत नाही; मेंदूत रक्तस्राव होऊन तो जमिनीवर पडला म्हणजे मग दार उघडतो.

साउथ कॅरोलायना राज्यात हिल्टन हेड नावाचे बेट आहे. त्याचा इतिहास ऐकण्याजोगा आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध चालू असता, १८६२ साली, गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी त्या बेटावर मिचेलव्हिल नावाचे गाव वसविले. त्यांनी आपला कारभार आपण चालविला आणि आपल्या मुलांनी शाळेत गेलेच पाहिजे असा नियम केला. ज्यांस अक्षर शिकविणे कालपर्यंत गुन्हा होता, त्यांनी मोकळे होताच प्रथम शाळेचा विचार करावा, ही गोष्ट आपणांपैकी ज्यांच्या आजापणजांनी मिशनच्या शाळेत पहिली पाटी हाती धरली त्यांच्या काळजाला भिडल्यावाचून राहणार नाही. पुढे १९५६ साली बेटाला पूल झाला आणि श्रीमंत लोक तेथे येऊ लागले. समुद्रकिनारी बंगले, खेळाची हिरवीगार मैदाने, फाटकावर पहारेकरी असलेल्या वसाहती उभ्या राहिल्या. त्या बंगल्यांची झाडलोट करणारे, स्वयंपाक करणारे, बागा राखणारे लोक मात्र फाटकाबाहेर राहिले. त्यांत पूर्वीच्या गुलामांचे वंशज होते, आणि मजुरीसाठी दूरदेशाहून आलेलेही होते.

१९८९ साली डॉक्टर जॅक मकॉनेल नावाचे गृहस्थ काम सोडून ह्या बेटावर विश्रांतीसाठी आले. त्यांचे आयुष्य औषधांच्या संशोधनात गेले होते. त्यांचे वडील वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणींच्या मुलुखात मेथडिस्ट पाळक होते. संध्याकाळी जेवावयास बसले म्हणजे आज तुम्ही दुसऱ्यासाठी काय केले, असे ते आपल्या प्रत्येक लेकराला विचारीत असत. तो प्रश्न म्हातारपणीही मुलाच्या कानात राहिला. रस्त्याने पायी चाललेल्या मजुरांस ते आपल्या गाडीत घेत, बोलता बोलता विचारपूस करीत, आणि ह्या लोकांस आजारात जावयास ठिकाण नाही असे त्यांस वारंवार आढळून येई. इकडे पहावे तर बेटावर त्यांच्यासारखेच विश्रांती घेणारे कितीतरी डॉक्टर व परिचारिका. एका बाजूस निजलेले रोगी, दुसऱ्या बाजूस बसून राहिलेले वैद्य, आणि मध्ये फाटक! हे फाटक काढण्यासाठी त्यांनी जे काम उभारले, त्यातून १९९४ साली तेथे मोफत दवाखाना सुरू झाला. पुढे त्याच नमुन्यावर इतर अनेक राज्यांत दवाखाने निघाले. मकॉनेलसाहेब २०१८ साली वारले.

आता त्या बाजेचे चार कोपरे पाहू. कारण असा दवाखाना कोणा एकाच्या खांद्यावर चालत नाही.

पहिला कोपरा विद्येचा. डॉक्टर मिळाले, पण ते बहुतेक परराज्यांतून आलेले. साउथ कॅरोलायनात रोगी तपासण्याचा परवाना त्यांस नव्हता. नव्याने परीक्षा देणे म्हातारपणी कठीण. शिवाय उपचारात चूक झाली असा दावा कोणी लावला तर काय, ही भीती होतीच. कित्येक भली कामे येथेच मरतात. सरकारी नियम आडवा आला म्हणजे आपण देवाची इच्छा नव्हती असे म्हणून घरी जातो. पण ते चौघे दारातून परत गेले नाहीत, छपरावर चढले. मकॉनेल व त्यांचे सोबती राज्याच्या विधिमंडळापर्यंत गेले, आणि वेतनावाचून सेवा करणाऱ्या निवृत्त डॉक्टरांसाठी वेगळा परवाना मिळेल असा कायदा त्यांनी करवून घेतला. अर्ज लिहिणे आणि कचेरीत खेटे घालणे हेही छप्पर उकरणेच आहे. यास्तव आपणांपैकी ज्यांस लिहिता-वाचता येते त्यांनी विधवेचा अर्ज, अपंगाचा दाखला, शेजाऱ्याचे शिधापत्रक ह्यांसाठी तहसील कचेरीची पायरी चढणे हे हलके काम समजू नये.

दुसरा कोपरा साध्या हातांचा. मोफत दवाखान्यात डॉक्टर थोडे आणि इतर मदतनीस फार, असेच सर्वत्र असते. कोणी नाव लिहून घेतो, कोणी स्पॅनिश बोलणाऱ्याचे दुखणे डॉक्टरास इंग्रजीत समजावून सांगतो, कोणी औषधे मोजतो, कोणी फरशी पुसतो. आलेल्या मनुष्यास रांगेतला आकडा न समजता शेजारी समजावे, ह्यावर तेथे भर असतो. अपमानाने दिलेली फुकट गोळी पोटात जाते, पण काळजात काटा ठेवून जाते. प्रभूने त्या पक्षघाती मनुष्यास प्रथम कोणत्या शब्दाने हाक मारली? मुला, अशी. उपचाराच्या आधी नाते आले. आपल्या मंडळीत दान वाटणाऱ्या प्रत्येकाने हे शिकून घ्यावे.

तिसरा कोपरा देणाऱ्याचा. ह्याविषयी मी थोडे अधिक लिहितो, कारण बाज बहुधा ह्याच कोपऱ्याकडून कलते. दवाखाना उघडण्याच्या दिवशी हार, भाषणे, वर्गणी, सर्व काही असते. परंतु रक्तदाबाची गोळी उद्घाटनाच्या दिवशीच घ्यावयाची नसते. ती आज, उद्या आणि परवा घ्यावयाची असते. इन्सुलिन एक महिना मिळाले आणि दुसऱ्या महिन्यात मिळाले नाही, तर पहिल्या महिन्याचे दान असून नसल्यासारखे होते. म्हणून असे दवाखाने वर्षानुवर्षे मदतीची विनंती करीत असतात. ऐकणाऱ्यांस कंटाळा येतो. गेल्या वर्षी दिले होते ना, असे ते म्हणतात. बंधूंनो, रोग्याने गेल्या वर्षी श्वास घेतला म्हणून ह्या वर्षी त्यास श्वास नको काय?

चांगल्या शमरोन्याकडे पहा. जखमांवर तेल व द्राक्षारस घालून तो निघून गेला असता तरी आपण त्याची वाखाणणी केली असती. पण त्याने त्या मनुष्यास उतारशाळेत नेले, रात्रभर त्याची निगा केली, सकाळी दोन नाणी काढून उतारशाळेच्या धन्यास दिली, आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन असे वचन दिले. त्याच्या प्रीतीचा कस त्या वचनात आहे. पहिल्या दिवशीचा कळवळा पुष्कळांस येतो. परत येऊन हिशेब चुकता करणारा विरळा. टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात स्कॉट मॉरिस नावाचे एक मेथडिस्ट पाळक आहेत, ते डॉक्टरही आहेत. त्यांनी १९८७ साली विमा नसलेल्या कष्टकऱ्यांसाठी मंडळ्यांच्या आधाराने दवाखाना काढला. तो तेव्हापासून आजवर चालला आहे. इतकी वर्षे तो चालला ह्याचे कारण पुन्हापुन्हा परत येणारे शमरोनी हेच होय.

चौथा कोपरा शेजाऱ्याचा. कफर्णहूमात तो मनुष्य कोठे निजून आहे हे कोणास तरी ठाऊक होते. डॉक्टर दवाखान्यात बसून हे जाणू शकत नाही. गल्लीतला मनुष्यच जाणतो. ह्यासाठी अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. आपल्याच नगर जिल्ह्यात, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, जामखेड येथे डॉक्टर रजनीकांत आरोळे व डॉक्टर मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती पतिपत्नीने १९७० साली काम आरंभिले. दोघेही वेल्लोरच्या मिशन वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. मनात आणते तर मोठ्या शहरात सुखाने राहते. त्यांनी गावोगावच्या बायका निवडून त्यांस शिकविले. त्यांत कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी अस्पृश्य गणलेल्या जातींतील होत्या. त्यांनी गरोदर स्त्रियांची काळजी घेतली, लेकरांची वजने केली, हगवणीत मीठसाखरेचे पाणी पाजावयास शिकविले, क्षय व कुष्ठ ओळखून रोग्यांस उपचारास आणले. ज्यांच्या हातचे पाणी कोणी घेत नव्हते त्यांच्या हातून गाव औषध घेऊ लागले. १९७९ साली ह्या पतिपत्नीस मॅगसेसे पारितोषिक मिळाले. पण त्याहून मोठे पारितोषिक त्या बायकांच्या ताठ मानेत दिसते. चौथा कोपरा उचलण्यास पदवी लागत नाही, हे ह्यावरून सिद्ध होते.

येथे दोन गोष्टी सावधपणाच्या सांगतो.

पहिली, औषध हे गळाला लावलेले आमिष होऊ नये. ख्रिस्ती लोक दवाखाना काढतात तो माणसे बाटविण्यासाठी, असे आपणांविषयी बोलले जाते. ह्याला वादाने उत्तर देऊ नका, प्रभूच्या उदाहरणाने द्या. लूकाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठी शुद्ध झाले. परत आला तो एकटा, आणि तोही शमरोनी. बाकीचे नऊ आले नाहीत म्हणून प्रभूने त्यांचे कुष्ठ पुन्हा त्यांच्या अंगावर घातले काय? नाही. जो कधीच उपासनेस येणार नाही त्यासही तितक्याच प्रेमाने औषध द्यावे, तितक्याच मायेने उचलावे. ज्या सेवेला अट आहे ती सेवा नव्हे, सौदा आहे.

दुसरी, दयेने न्यायाचे तोंड बंद करू नये. कामकऱ्यास दिवसभर राबवून पुरती मजुरी द्यावयाची नाही, आणि रविवारी त्याच्या औषधासाठी पेटीत नाणे टाकावयाचे, हा धर्म प्रभूला मान्य नाही. अडवून ठेवलेल्या मजुरीची ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी पोहोचते असे याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात बजावतो. मोफत दवाखाना ही जखमेवरची पट्टी आहे. पट्टी अवश्य बांधावी. पण यरीहोच्या वाटेवर लुटारू का बसले आहेत, हेही विचारावे.

तर मग आपण काय करावे? आपल्या महाराष्ट्रात २०२३ च्या ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत. इस्पितळात दाखल होणाऱ्यासाठी महात्मा फुले ह्यांच्या नावाची योजनाही आहे. हे देवाचे उपकार समजावे. पण दार उघडे असले तरी बाज आपोआप चालत नाही. एकट्या म्हातारीने तालुक्याच्या गावी जावे कसे? मजुराचा एक दिवसाचा खाडा कोण भरून देईल? रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, डोके दुखत नाही, म्हणून पुढच्या आणावयाच्या राहून गेल्या. त्याची आठवण कोण करून देईल? योजनेचे कार्ड शस्त्रक्रियेस उपयोगी पडते. पण बाहेरून आणलेल्या रोजच्या औषधाचा खर्च त्यात येत नाही, तो कोठून यावा?

उपदेशक बंधूंनो, आपण एक वही करावी. तीत मंडळीतील व शेजारच्या वस्तीतील, ख्रिस्ती असोत वा नसोत, नित्य औषध घेणाऱ्यांची नावे लिहावी, आणि औषध कोणत्या तारखेस संपते तेही लिहावे. घरभेटीस जाल तेव्हा प्रार्थनेबरोबर गोळीचीही विचारपूस करावी. दवाखान्याच्या दिवशी सोबत जाण्यासाठी तरुण संघातील दोघादोघांची पाळी लावावी. भगिनी मंडळाने स्वयंपाकापूर्वी मूठभर धान्य बाजूस काढण्याची जुनी चाल पुन्हा सुरू करावी. त्या मुठीतून एसटीचे भाडे निघेल. कापणीच्या सणात येणाऱ्या दानातील ठराविक वाटा दर वर्षी रोग्यांसाठी राखून ठेवावा. आणि आपल्या भागात जो मोफत दवाखाना चालत असेल त्यास एकदाच मोठी रक्कम देऊन विसरण्यापेक्षा, थोडी का होईना पण दरमहा द्यावी. तिच्या भरवशावर त्यांस पुढच्या महिन्याचे औषध मागविता येते.

आणखी एक विनंती. प्रार्थना झाली, आता गोळीचे काय काम, असे म्हणून औषध सोडणारे काही विश्वासी आहेत, आणि त्यांस तसे शिकविणारेही आहेत. लूक वैद्य होता व पौलाचा प्रिय सोबती होता हे कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. पौलाने त्यास वैद्यकी टाकून दे असे सांगितल्याचे कोठेही नाही. ज्या देवाने झाडपाल्यात गुण घातला आणि माणसास बुद्धी दिली, त्याच देवाची आपण प्रार्थना करितो. गोळी घेताना हात जोडा. पण हात जोडले म्हणून गोळी टाकू नका. रोग्याचे औषध बंद करविणारा उपदेशक बाजेचा कोपरा सोडून देतो, हे त्याने पक्के समजावे.

मार्काने त्या चौघांची नावे लिहून ठेविली नाहीत. रोगी उठला, आपली बाज उचलून सर्वांच्या देखत चालता झाला, लोकांनी देवाचे गौरव केले. आणि ते चौघे तेव्हा बहुधा छपरावरच होते, हातास माती लागलेली. उकरलेले छप्पर मागाहून कोणी लिंपले हेही शास्त्र सांगत नाही. पण चार कोपऱ्यांपैकी एक जरी वाटेत सुटता तर तो मनुष्य प्रभूच्या पायांशी पोहोचता ना. आपल्या वाट्यास जो कोपरा आला असेल तो घट्ट धरा. दुसरे तिघे प्रभु देईल.

प्रार्थना : हे प्रभो, महावैद्या, जे दाराबाहेर निजून आहेत ते आमच्या दृष्टीस पाड. आमच्या हातांस बळ दे आणि आमच्या दानास सातत्य दे. जे डॉक्टर, परिचारिका व गावोगावच्या आरोग्यसेविका तुझे हे काम करितात त्यांस थकू देऊ नको. आणि वाहता वाहता आमचीही दुखणी बरी कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.